किचनच्या नळाला फोर्सच नाही, गार पाण्याची धार अगदी बारीक, प्रेशर पंप बसवावा का?

उंड्रीकर_सातवा_मजला

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. पुण्यात उंड्रीला फ्लॅट आहे, सात मजली बिल्डिंग आणि आम्ही सगळ्यात वर. किचनमध्ये सिंकला ओट्यावर बसवलेला सिंगल लिव्हर मिक्सर आहे, खाली कपाटात दोन अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करायच्या छोट्या तोट्या), एक गारचा एक गीझरचा, आणि गारच्या अँगल कॉकवरूनच आरओला पाणी घेतलंय. वरचा मजला असल्याने फोर्स पहिल्यापासून बेताचाच, पण भांडी विसळणं, भाज्या धुणं, हंडा भरणं सगळं व्यवस्थित व्हायचं. गेल्या महिन्यात सोसायटीने गच्चीवरच्या टाक्या धुवून घेतल्या आणि तेव्हापासून किचनच्या नळाची धार करंगळीएवढी झालीये. कुकरचं भांडं भरायला ठेवून दुसरं काम करून यावं लागतं, भांड्यांना येणाऱ्या मावशी तर आता बाल्कनीतल्या नळावर भांडी घेऊन बसतात, ते बघवत नाही. बाथरूमचे नळ, शॉवर मात्र पूर्वीसारखेच आहेत.

एका प्लंबरला बोलावलं, त्याने नळ चालू करून बघितला आणि म्हणाला टॉप फ्लोअर आहे, टाकीची उंची मिळत नाही, प्रेशर पंप बसवा, सगळं धरून १८ हजार. खालचं कपाट त्याने उघडलंसुद्धा नाही. पंप घ्यायला हरकत नाही पण खरंच त्याची गरज आहे का? की नळच बदलू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

---

गोदाकाठ

पंपाचे पैसे आत्ता कुणालाही देऊ नका. साधी गोष्ट बघा, तुमचा मजला तोच आहे, टाकीही तिथेच आहे, टाकी धुवायच्या आधी पाणी येत होतं आणि धुतल्यावर गेलं, मग उंची कशी कमी होईल? आणि बाथरूमही त्याच सातव्या मजल्यावर आहे की, तिथे त्रास नाही. म्हणजे काहीतरी अडकलंय, आणि तेही फक्त किचनच्या वाटेवर. टाकी धुताना तळाचा गाळ ढवळला जातो, कितीही पाणी उपसून काढलं तरी थोडा खाली लाईनमध्ये उतरतोच, आणि लाईनमध्ये जी जागा सगळ्यात अरुंद असेल तिथे जाऊन बसतो.

सगळ्यात अरुंद जागा म्हणजे नळाच्या तोंडाशी असलेली जाळी. दुकानात एरेटर म्हणतात, काही ठिकाणी फोम फ्लो म्हणून मागतात. ती आधी काढा. हाताने फिरली तर उत्तमच, नाही फिरली तर जुन्या सुती कापडाची घडी गुंडाळून पाना लावा म्हणजे क्रोमवर ओरखडे येणार नाहीत, आणि हलक्या हाताने, कारण आतला भाग प्लास्टिकचा असतो. काही मिक्सरमध्ये जाळी तोंडाच्या आत लपलेली असते, बाहेरून कडा दिसत नाही, तिला प्लास्टिकची छोटी चावी लागते, ती नळाच्या खोक्यात आलेली असते, खोकं ठेवलं असेल तर शोधा. सिंकच्या भोकावर वाटी पालथी घालायला विसरू नका, वायसर घरंगळून गेला की गेला. आणि आतले तुकडे ज्या क्रमाने निघतील त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

जाळी काढून नळ चालू करा आणि एवढंच सांगा: गार किती येतंय, गरम किती येतंय. दोन्ही वेगवेगळं बघा, लिव्हर पूर्ण एका बाजूला मग पूर्ण दुसऱ्या बाजूला. एक लिटरची बाटली लावून किती सेकंदात भरते तेही मोजा, "कमी येतंय" म्हणण्यापेक्षा आकडा असला की पुढचं सांगणाऱ्याला सोपं जातं. ८ ते १० सेकंदात भरली तर मिनिटाला ६-७ लिटर झालं, किचनला तेवढं पुरतं.

---

उंड्रीकर_सातवा_मजला

खूप आभार. जाळी निघाली, आत राखाडी रंगाची बारीक वाळू आणि पांढरे पापुद्रे होते, चांगला चमचाभर ऐवज निघाला. जाळी न लावता बघितलं तर गरम एकदम मस्त, बाटली ८ सेकंदात भरली. पण गार अजून तसंच, बाटलीला २५ सेकंद लागतात. एक विचित्र गोष्ट लक्षात आली, गारकडे लिव्हर फिरवल्यावर पहिल्यांदा क्षणभर जोरात पाणी येतं आणि मग धार बारीक होते. हे कशामुळे?

---

पाना_आणि_टेफ्लॉन

साताऱ्यात प्लंबिंगची कामं घेतो, बरीच वर्षं झाली. तुम्ही शेवटी जे लिहिलंय ना, क्षणभर जोरात आणि मग बारीक, त्यातच उत्तर आहे बघा.

लोक प्रेशर आणि फ्लो एकच समजतात. नळ बंद असताना लाईनमध्ये पाणी उभं असतं, तेव्हा वाटेत कितीही कचरा असला तरी नळापाशी पूर्ण प्रेशर भरलेलं असतं, टाकीच्या उंचीएवढं. नळ उघडला की ते साठलेलं प्रेशर एकदम सुटतं म्हणून पहिला जोर येतो, पण मागून पाणी यायची वाट अडलेली असल्यामुळे लगेच मरतं. टाकीची उंचीच कमी असती तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच मंद धार आली असती. म्हणजे तुमचा अडथळा गारच्या लाईनमध्ये नळाच्या मागे आहे. गरम चांगलं येतंय म्हणजे नळाचं तोंड, जाळी सगळं सुटलं. आता राहिलं काय? मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज (लिव्हरखालचा गार-गरम मिसळणारा भाग), गारचा कनेक्शन पाईप, अँगल कॉक, आणि भिंतीतली लाईन वर गच्चीपर्यंत.

उंचीचा हिशोबही सांगतो म्हणजे पुढे कुणी पंप गळ्यात मारायला आला तर तुम्हाला बोलता येईल. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार, आमच्या भाषेत १ किलो प्रेशर. टाकीतल्या पाण्यापासून तुमचा नळ ३ मीटर खाली असेल तर तुम्हाला पाव किलोच्या आसपास मिळतं, आणि तुमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावाल्याला दीड किलोच्या वर. त्यामुळे टॉप फ्लोअरला पाणी मुळातच हळू, हे खरं आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की जो कचरा दुसऱ्या मजल्यावर दीड किलोच्या जोराने ढकलला जाऊन निघून जातो तो तुमच्याकडे बसून राहतो. पंप लावला असता तर काय झालं असतं, त्याच कचऱ्यातून जरा जास्त पाणी आलं असतं, आणि अडथळा तिथेच.

आता कपाट उघडा. खाली बादली आणि जुना टॉवेल ठेवा. गारचा अँगल कॉक पूर्ण बंद करा, कनेक्शन पाईपचा नट अँगल कॉकच्या बाजूने सोडवा, दुसऱ्या हाताने अँगल कॉक घट्ट धरून ठेवा, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर नट सोडताना अख्खा कॉक भिंतीत फिरतो आणि आतून गळती सुरू होते, मग टाईल फोडायची वेळ येते. पाईप सुटला की अँगल कॉकच्या तोंडाखाली बादली धरून कॉक हळूहळू पूर्ण उघडा.

पाणी जोरात आलं तर कॉक आणि मागची लाईन चांगली आहे, दोष पाईपात किंवा मिक्सरमध्ये. पाईपच्या नटात बऱ्याचदा जाळीचा वायसर असतो, तो बघा, आणि पाईप कपाटात दुमडून आवळला गेलाय का तेही बघा, मागे भांडी कोंबली की हे हमखास होतं. पाईप साफ निघाला तर मग कार्ट्रिज, त्याच्या बुडाला गार आणि गरमची दोन वेगळी भोकं असतात, गारच्या भोकात एखादा खडा बसला तरी असंच होतं.

पाणी तिथेही बारीकच आलं तर दोष कॉकमध्ये किंवा त्याच्या मागे. मग गच्चीवर जाऊन किचनच्या लाईनचा व्हॉल्व बंद करायचा, कुठला तुमचा ते वॉचमनला विचारा, अंदाजाने फिरवू नका, शेजाऱ्यांचं पाणी जाईल. खाली येऊन कॉकमधून पाणी पूर्ण थांबलंय याची खात्री करायची आणि मगच अँगल कॉकचा स्पिंडल, म्हणजे मूठ फिरवल्यावर आत फिरणारा दांडा, खोलायचा. माझा अंदाज स्पिंडलच्या खाली काहीतरी बसलंय. आरओची फिटिंग तिथेच आहे म्हणालात ना, ती बसवताना टेफ्लॉन टेप (गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी पट्टी) जास्त गुंडाळला असेल तर त्याचे तुकडे आत जातात, ते बघितलेत मी.

एक शंका एअर लॉकची असते, कारण टाकी रिकामी केली की लाईनमध्ये हवा शिरते. पण तसं असेल तर पाणी थुंकत थुंकत येतं, गुडगुड आवाज येतो, कधी येतं कधी जातं. तुमची धार बारीक असली तरी एकसारखी आहे, म्हणून मी कचऱ्यावरच ठाम आहे.

---

बंगळूरचा_कोल्हापूरकर

वरच्या दोघांनी अगदी बरोबर सांगितलंय. मी फक्त जाळीबद्दल लिहितो कारण आमच्याकडे याचा मोठा घोळ झाला होता. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला पाण्याची टंचाई झाली तेव्हा इथल्या जलमंडळाने हॉटेलं, ऑफिसं, अपार्टमेंटच्या कॉमन जागा वगैरे ठिकाणी नळाला एरेटर सक्तीचे केले. त्यावेळी लोकांनी घरातही लावून घेतले, आणि चांगलंच आहे ते, भांडी विसळताना पाणी खरोखर वाचतं. पण बाजारात जे आले त्यातले कितीतरी मिनिटाला ३ लिटरवाले होते. ज्यांच्याकडे प्रेशर भरपूर त्यांना ते छान चालतात, वरच्या मजल्यावर मात्र आधीच पाव किलो प्रेशर, त्यात हा, मग हंडा भरतच नाही आणि माणूस जाळीच काढून फेकून देतो.

म्हणून नवीन जाळी घ्यायची झाली तर तिच्या कडेवर लिटरचा आकडा लिहिलेला असतो तो वाचून घ्या, ६ किंवा ८ वाला घ्या. काही जाळ्यांच्या आत रंगीत प्लास्टिकची छोटी चकती असते, तीच पाणी रोखते, ती वेगळी निघते. आणि साईज: बाहेरून आटे असलेली असेल तर बहुतेक २४ एमएम, आतून आटे असतील तर २२. जुनी जाळी खिशात घालून दुकानात न्या, सगळ्यात बरं. शे-दोनशेत काम होतं.

---

गिरगावकर

आमची बिल्डिंग फार जुनी, तिथली गोष्ट वेगळी आहे पण कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. आमच्याकडे जीआय पाईप, लोखंडी, त्याला आतून गंज चढून चढून अर्ध्या इंची पाईपचं भोक पेन्सिल जाईल एवढं राहिलं होतं. कापून बाहेर काढलेला तुकडा मी स्वतः हातात धरून बघितलाय, आत तपकिरी खडबडीत थर, प्रकाश दिसायला सुद्धा डोळा बारीक करावा लागत होता. व्यास निम्मा झाला की तोंड एक चतुर्थांश उरतं, वर खडबडीतपणामुळे पाणी घासत येतं ते वेगळंच. अशा ठिकाणी जाळी धुवून, कॉक बदलून काही होत नाही, सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिक पाईपची, नवीन लाईन बाहेरून टाकून घेणं हाच इलाज. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर समजायचं जीआय आतून गेलाय.

आणि एक कळकळीची विनंती आहे सगळ्यांना. प्रेशर नाही म्हणून पालिकेच्या लाईनला डायरेक्ट मोटर लावू नका. टाकीनंतर पंप लावणं वेगळं आणि पालिकेच्या लाईनला मोटर लावणं वेगळं. मोटर चालू झाली की लाईनमध्ये ओढ तयार होते, शेजारच्यांचं पाणी तर जातंच पण पाईपला कुठे बारीक चीर असेल तर बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं, आणि तेच आपल्या मुलाबाळांच्या पोटात जातं. पालिका मोटर जप्त करते, कनेक्शन तोडते, ते योग्यच आहे.

---

उंड्रीकर_सातवा_मजला

झालं!! काल रविवारी मिस्टर आणि मी दोघांनी मिळून केलं. टेफ्लॉनदादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी पाईप सोडवून अँगल कॉक उघडला, तिथेही पाणी बारीकच. मग वॉचमनकाकांना घेऊन मिस्टर गच्चीवर गेले, व्हॉल्व बंद करून आले, कॉकमधलं पाणी थांबेपर्यंत वाट बघितली आणि स्पिंडल खोलला. आत काय निघालं माहितीये का, सिमेंटचा तांदळाएवढा खडा, पाईप कापताना निघतो तसा पिवळट प्लास्टिकचा गोल भुगा, आणि त्याच्याभोवती टेफ्लॉनचे दोरे गुंडाळलेले, आणि त्या सगळ्यावर ती राखाडी वाळू घट्ट बसलेली. म्हणजे बिल्डरच्या वेळचा कचरा आधीपासूनच तिथे असणार आणि टाकी धुतल्यावर आलेला गाळ त्याला चिकटला. चिमट्याने सगळं काढलं, वरून व्हॉल्व क्षणभर उघडून बादलीत पाणी जाऊ दिलं, पहिलं पाणी गढूळ आलं मग स्वच्छ. परत सगळं बसवलं. आता गारची बाटली ९ सेकंदात भरते! मावशी आज सकाळी सिंकवरच भांडी घासत होत्या.

आता दोन प्रश्न. एक म्हणजे जाळीवरचे पांढरे पापुद्रे अजून थोडे आहेत, ब्रशने निघत नाहीत, उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरच जास्त येतो. दुसरं म्हणजे पुढच्या वेळी टाकी धुतली की परत हेच होणार का?

---

गोदाकाठ

वा, मन लावून केलंत, फार बरं वाटलं वाचून. पांढरे पापुद्रे म्हणजे क्षार, बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं त्याचा थर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची, टँकरच्या पाण्याची एकदा तपासणी करून घ्या सोसायटीकडून.

जाळीसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणा. वाटीभर कोमट पाण्यात एक चमचा विरघळवा, रबराचे वायसर बाजूला काढून फक्त जाळीचे तुकडे त्यात अर्धा तास ठेवा, बुडबुडे येताना दिसतील, तोच क्षार सुटतोय. मग जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा. पांढरं व्हिनेगर असेल तर तेही चालतं. बाथरूम धुवायचं अॅसिड मात्र अजिबात वापरू नका, क्रोम काळं पडतं आणि पितळ खाल्लं जातं. आणि लिंबूसत्व असो की व्हिनेगर, ब्लीचिंग पावडरच्या किंवा त्याच्या लिक्विडच्या जवळही नेऊ नका, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, बंद किचनमध्ये ते धोक्याचं आहे.

---

पाना_आणि_टेफ्लॉन

ताई, मनापासून अभिनंदन, स्पिंडल खोलायला बरेच जण घाबरतात.

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी मांडा. पहिली, टाकी धुणाऱ्यांना सांगायचं की खाली जाणाऱ्या लाईनचे व्हॉल्व धुवायच्या आधीच बंद करा, आणि धुऊन झाल्यावर टाकी किमान अर्धी भरल्याशिवाय उघडू नका. गाळाचं पाणी टाकीच्या वॉश-आऊटमधून, म्हणजे तळाशी टाकी रिकामी करायला असलेल्या तोंडातून, गच्चीवर सोडायचं असतं, घरांच्या लाईनमध्ये नाही. बहुतेक ठिकाणी घाईत हे व्हॉल्व उघडेच राहतात, तिथेच सगळा त्रास सुरू होतो. त्यादिवशी तुम्ही घरातला किचनचा नळ जाळी काढून पाच मिनिटं सोडायचा आणि मगच जाळी लावायची, टाकी धुणं चालू असेपर्यंत अँगल कॉकही बंद ठेवलात तर अजून चांगलं.

दुसरी, टाकीतून निघणाऱ्या मेन लाईनवर वाय स्ट्रेनर बसवून घ्या, म्हणजे जाळीचा फिल्टर, इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. पण लाईनच्या साईजचाच किंवा एक साईज मोठा घ्या आणि जाळी फार बारीक नको, कारण वरच्या दोन मजल्यांना त्या जाळीचाच अडथळा जाणवतो. दर दोन महिन्यांनी वॉचमनने खोलून धुवायला हवा, ते होणार नसेल तर बसवूच नका, तो तुंबला की अख्ख्या विंगचं पाणी जातं.

आणि पंपाचं, तेही सांगून ठेवतो. घरातले सगळेच नळ मंद असतील, शॉवरखाली उभं राहून साबण निघत नसेल, तर टॉप फ्लोअरला पंपाला माझी ना नाही. पण मग तो गच्चीवर तुमच्या लाईनवर बसतो, नळ उघडला की चालू आणि बंद केला की बंद होणारा फ्लो स्विचवाला, सोसायटीची परवानगी घेऊन, आणि खाली रबरी पॅड लावून, नाहीतर रात्री बेडरूमच्या छतात घरघर ऐकू येते. एक ते दीड किलो प्रेशर देणारा पुरतो, त्यापेक्षा मोठा घेतला तर मिक्सरचे जुने वायसर आणि आरओची नळी गळायला लागते. तुमचं गरम ८ आणि गार ९ सेकंदावर आहे, तुम्हाला आज तरी त्याची काही गरज नाही. आरओची ती फिटिंग मात्र एकदा सोडवून जुना टेप पूर्ण खरवडून काढा आणि नवीन टेप आट्यांच्या दिशेने चार-पाच वेढेच द्या, पहिला आटा मोकळा सोडून, म्हणजे टोक आत लोंबणार नाही.